कापूरहोळच्या फाट्यापर्यंत

आमच्या घरात कुठलीही गोष्ट ठरत नसे, तिचं प्रकरण होत असे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, भोरच्या दरबार कचेरीत कारकून होते. पगडी खुंटीला लागली तरी कचेरी काही त्यांच्या डोक्यातून उतरत नसे. घरात नवा पाटा आणायचा झाला तरी अण्णा आधी टिपण करीत, मग त्यावर विचार करीत, मग त्या विचारावर पुन्हा विचार करीत, आणि तोवर आई शेजारणीच्या पाट्यावर चटणी वाटून मोकळी झालेली असे. पाटा शेवटी आलाच नाही. त्याचे कागद मात्र होते, लाल रुमालात बांधलेले, फडताळात वरच्या कप्प्यात. ते मी स्वतः पुढे बंबात घातले. चांगलं पाणी तापलं.

त्या हिवाळ्यात अण्णांना साठलेली रजा मिळायची होती. कधी नव्हे ते सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. निघून गेलं म्हणजे खरोखरच चुकून निघालं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते स्वतःच धास्तावलेले दिसले. जायचं म्हणजे दोनच ठिकाणं. एक मुंबई. दुसरं कोल्हापूर. मुंबई तात्यांना हवी होती. तात्या म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. बायको वारलेली, मूलबाळ नाही, हेडमास्तर म्हणून पेन्शनीत निघाले आणि आमच्या सोप्यावर कायमचे येऊन बसले. जन्मभर पोरांना छड्या मारल्यामुळे आपलं म्हणणं बरोबरच असतं अशी त्यांची पक्की समजूत झालेली होती. त्यांचा कोणी जुना विद्यार्थी मुंबईला मोठ्या हुद्द्यावर चढला होता म्हणे. तो हार घेऊन स्टेशनवर उभा राहील, चार लोकांत पायावर डोकं ठेवील, असं चित्र तात्यांच्या डोळ्यांपुढे होतं. ते अर्थात असं बोलत नसत. ते म्हणत, "मुंबई पाहिली नाही तो माणूस कसला! मुलांच्या ज्ञानात भर पडेल." मुलं म्हणजे मी आणि बंडू. बंडू सात वर्षांचा होता, त्याच्या ज्ञानात तेव्हा शेंबूड पुसायचीही भर पडलेली नव्हती.

कोल्हापूर हवं होतं आईला. तिची धाकटी बहीण गोदूमावशी तिथे दिलेली. दोघी बहिणी नऊ वर्षांत भेटल्या नव्हत्या. दिवाळीच्या सुमाराला मावशीचं पत्र आलं. तिला लिहिता येत नसे, पुतण्याकडून लिहवून घेतलेलं. आईला वाचता येत नसे, म्हणून ते मी वाचलं. आई चुलीपुढे पावटे सोलत बसली होती आणि मी पाटावर बसून शाळेतल्यासारखं खणखणीत आवाजात वाचत होते. मावशीचे डोळे जात होते. आता फक्त भर उन्हात काय ते दिसतं, वैद्यांनी सांगितलंय शिमग्यापर्यंत राहतील, पुढचा भरवसा नाही. "ताई, या थंडीत आलीस तर तुझं तोंड बघून घेईन. नंतर आलीस तरी येच, पण मग नुसता आवाज ऐकायचा." मी वाचायची थांबले तेव्हा आईच्या हातातला पावटा तसाच होता. "पुन्हा वाच," ती म्हणाली. मी तीनदा वाचलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

आता एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आई तात्यांपुढे बोलत नसे. थोरल्या दिरापुढे धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडायचं नाही, समोर उभं राहायचं नाही, अशी आमच्याकडे शिस्त होती. फार मोठी अब्रू होती ना आमची! तात्यांना वाढायचं असलं तर ती पान मांडून आत जायची, आणि ते बसले की भात, आमटी घेऊन मला पाठवायची. ते सोप्यावर, ती स्वयंपाकघरात, मध्ये माजघर. काही सांगायचं झालं की मी. "आई म्हणते, ताक संपलंय." "तात्या म्हणतात, चालेल." चौदा वर्षं ती दोघं एका छपराखाली राहिली आणि एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. मी सहा वर्षांची झाल्यापासून त्या घरातलं पोस्ट मी चालवत होते. मला त्याचा गर्वही होता. आमच्या आळीत इतकं बिनचूक निरोप पोचवणारी दुसरी मुलगी नाही, असं तात्याच म्हणत.

आईनं अण्णांना पत्राचं सांगितलं होतं. अण्णांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले, खरंच पुसले, आणि म्हणाले, "बघू. तात्यांचं काय म्हणणं पडतं ते बघू." मग त्यांनी प्रकरण उघडलं. कोऱ्या कागदाला मधोमध घडी घालून एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला कोल्हापूर. अंतर, हवा, पाणी, उतरण्याची सोय, पाहण्याची स्थळं, देवदर्शन. 'गोदूचे डोळे' असं कोल्हापूरच्या बाजूला शेवटी लिहिलं होतं, 'किरकोळ' या सदराखाली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय ते.

रोज संध्याकाळी राजवाड्यावर सहाचे टोले पडले की सोप्यावर बैठक. तात्या मुंबईच्या बाजूनं भाषण करीत. अण्णा कोल्हापूरच्या बाजूनं बोलायला सुरुवात करीत आणि तात्यांनी भुवया वर केल्या की मुंबईच्या बाजूनं संपवीत. आई आतून गुळपापडी पाठवी. तिनं ती प्रवासासाठी केलेली होती, डबा भरून, रजा मंजूर झाल्याच्या दिवशी. बैठकी लांबल्या आणि डबा सोप्यावरच संपला. मग तिनं तिखटामिठाच्या पुऱ्या केल्या. त्याही बैठकीत गेल्या. प्रवासाचा फराळ खात खात प्रवासाला न निघणारी माणसं मी नंतर कुठे पाहिली नाहीत. आता माझी नातसून फोनवर पाच मिनिटांत सहलीची तिकिटं ठरवते आणि मग पंधरा दिवस नवऱ्याशी भांडते. मी तिला म्हणते, बाई ग, हीच पद्धत बरी. आधी ठरवावं, मग भांडावं.

शेवटी अण्णांच्या डोक्यात आलं की देवीला कौल लावावा. आमचं मूळ गाव वेल्ह्याच्या अलीकडे, तोरण्याच्या पायथ्याला. गावच्या वेशीबाहेर देवीचं लहानसं कौलारू देऊळ. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवायचं, मनातला प्रश्न सांगायचा आणि बसायचं. ज्या खांद्यावरचं फूल आधी पडेल तो देवीचा शब्द. गावची माणसं याच कौलावर पेरण्या करीत, सोयरिकी जुळवीत. अण्णांना हे फार पसंत पडलं, कारण देवीनं ठरवलं म्हणजे तात्यांना आपण ठरवलं नाही असं सांगता येणार होतं. मग काय, सगळं बिऱ्हाड बैलगाडीत. दीड दिवसाची वाट, नसरापुरात एक मुक्काम, पहाटे हाडं गोठवणारी थंडी, बंडूची कुरकुर, आणि गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसलेली आई, कारण पुढे तात्या बसलेले. अण्णांच्या मांडीवर लाल रुमाल. देवीला दाखवायला आणला होता की काय कोण जाणे!

देवळात गुरव होता आणि त्याची बायको ठकूबाई. उंच, हाडापेरानं मोठी बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गुरवानं देवीला आंघोळ घातली, उजव्या खांद्यावर एक शेवंतीचं फूल लावलं ते मुंबईचं, डाव्या खांद्यावर एक लावलं ते कोल्हापूरचं. देवीचा उजवा कोणता, डावा कोणता, हेही अण्णांनी आधी लिहून घेतलं. आम्ही सगळे हात जोडून बसलो. फार वेळ लागलाच नाही. बंडूची जांभई पुरी व्हायच्या आत डाव्या खांद्यावरचं फूल सुटलं आणि देवीच्या पायाशी पडलं. आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं तोंडावर पदर धरला. पदराच्या वरून तिचे डोळे दिसत होते, आणि आईचे डोळे हसताना कसे दिसतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तेरा वर्षांची होते मी तेव्हा.

"दारातून वारा आला," तात्या म्हणाले.

गुरवानं वळून दाराकडे पाहिलं.

"वाऱ्यानं पडलं ते. हा कौल धरता येत नाही. पुन्हा लावा."

मी आजवर बऱ्याच मूर्ख माणसांच्या पंगतीत जेवले आहे, पण देवीच्या निकालावर अपील करणारे एकटे आमचे तात्या. आणि अण्णांनी काय करावं? अण्णांनी मान हलवली. "नियमानुसार फेरतपासणीला हरकत नसावी," असं म्हणाले ते, देवळात, देवीसमोर. गुरवानं दार लावून घेतलं आणि पुन्हा दोन फुलं लावली. या खेपेला एकही पडेना. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं, बंडू माझ्या मांडीवर झोपला, अण्णांच्या पायाला मुंग्या आल्या, आणि देवी आपली दोन्ही खांद्यांवर फुलं घेऊन बसलेली. मला तर वाटलं, ती आमच्याकडे बघतसुद्धा नाही. तात्या तिसऱ्यांदा लावा म्हणाले तेव्हा मात्र ठकूबाई भिंतीपाशी उभी होती ती पुढे झाली.

"द्येवीनं येकदा सांगितलं न्हवं? मग? तिला काय दुसरी कामं न्हाईत व्हय?" ती म्हणाली. "आमी पोरीचं लगीन करू का नको ते इचारतो. पेरू का नको ते इचारतो. तुमी ममईला जावं का कोल्हापूरला जावं, ह्ये इचारायला दीड दीस गाडीत बसून आलासा? लईच मोठ्ठी माणसं की तुमी! अवं, बायकूला इचारायचं हुतं घरीच. तिला काय त्वांड न्हाई?"

गुरव तिला गप्प करायला धावला. तात्यांचा चेहरा लालबुंद झाला. आई उठली, ठकूबाईची ओटी भरली आणि वाकून नमस्कार केला. देवीची ओटी भरतानासुद्धा ती इतकी वाकली नव्हती.

मला वाटतं, ते शब्द अण्णांना लागले. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता, आणि त्या दोहोंत बायकोला फारसा फरक पडत नाही. भोरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, तात्या पान जुळवत बसले, तेव्हा अण्णांनी रुमाल सोडला, दौत पुढे ओढली आणि घसा खाकरून म्हणाले, "तात्या, घरातल्या मंडळींचंही मत घ्यावं म्हणतो. ती म्हणेल तसं करू. तुमची हरकत?" तात्या तंबाखू मळत म्हणाले, "मला कसली हरकत? बाईमाणसाला काय, जिकडे न्याल तिकडे." मग अण्णा माझ्याकडे वळले. "जा ग, आईला विचारून ये. मुंबई की कोल्हापूर. ती म्हणेल ते आपण आत्ता लिहून टाकू."

मी आत गेले. आई परातीत दूध घालून दशम्यांचं पीठ मळत होती. या खेपेला निघायचंच, असं तिच्या हातांनी ठरवलं असावं. तिनं सोप्यावरचं ऐकलेलं होतं. पिठाचे हात तसेच धरून ती माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सांग, कोल्हापूर." मग थोडं थांबून, "नुसतं कोल्हापूर म्हण. बाकीचं काही सांगू नकोस. पुरे तेवढं."

आता माझं ऐका. आमच्या वर्गात कुसुम नावाची एक मुलगी होती. तिच्या वडिलांची मुंबईहून भोरला बदली झालेली. केसाला सॅटिनची रिबन लावून यायची आणि दुमजली ट्राममध्ये वरच्या मजल्यावर बसलं की कसं वाटतं ते सांगायची. तिच्या नाकावर टिच्चून मी सगळ्या वर्गाला सांगून बसले होते की आम्ही मुंबईला निघालो. तात्यांनी मला रिबन घेऊन देईन म्हणून कबूल केलं होतं, तशीच, निळी. बस, एवढंच. माझ्या मनात आईचा राग नव्हता, मावशीचा नव्हता. एका रिबनीचं आणि एका शेंबड्या फुशारकीचं प्रकरण होतं. अण्णांच्या कागदांना मी इतकी नावं ठेवते, पण त्यांनी निदान 'गोदूचे डोळे' किरकोळ सदरात का होईना लिहिले होते. मी ते खोडूनच टाकले.

चुलीपासून सोप्याच्या उंबऱ्यापर्यंत अकरा पावलं होती. माजघरात अंधार असायचा, म्हणून मी लहानपणापासून मोजून चालायची. अकरावं पाऊल टाकलं आणि मी बिनचूक, खणखणीत आवाजात म्हणाले, "आई म्हणते, तुम्ही ठरवाल ते."

आत पीठ मळल्याचा आवाज येत होता तो थांबला.

"पाहा," तात्या म्हणाले. अण्णांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरं वाटलं नसावं, असं मला आता वाटतं. पण खोटं वाटून घेतलं असतं तर उठून आत जावं लागलं असतं, आणि आमचे अण्णा तेवढी अकरा पावलं कधी चालले नाहीत. त्यांनी टाक बुडवला. 'घरच्या मंडळींची हरकत नाही. सबब, मुंबई.' ओल्या शाईवर वाळू टाकली, झटकली. संपलं प्रकरण.

संध्याकाळी आई माझी वेणी घालायला बसली. मी तिच्याकडे पाठ करून बसलेली. तिनं तेल लावलं, भांग पाडला, एक पेड घातला, दुसरा घातला. मग हात थांबवून म्हणाली, "तुला काही सांगायचंय का ग?"

"घट्ट घाल," मी म्हणाले. "सुटते मागची."

तिनं घट्ट घातली. ती अण्णांना सांगू शकली असती. रागावू शकली असती, चार चपराका ठेवून देऊ शकली असती, मला बरं वाटलं असतं. पण तिनं सांगितलं असतं तर तात्यांची छडी निघाली असती, आणि ती माझ्या अंगावर उठावी असं तिला नको होतं. त्या घरात माझ्यासाठी एवढा विचार करणारी एकच बाई होती, आणि मी तिलाच विकलं. रिबन तर पुढे मिळालीही नाही.

निघायच्या दिवशी नेमकी भोरची मोटार नादुरुस्त. म्हणून बैलगाडीनं कापूरहोळपर्यंत जायचं आणि तिथे हमरस्त्यावर पुण्याकडची सर्व्हिस मोटार गाठायची असं ठरलं. पुण्याहून पुढे आगगाडी. आज कापूरहोळला ढाबे आहेत, टायरांचे ढीग आहेत, एस.टी.चा धुरळा आहे. तेव्हा एक चिंचेचं झाड आणि एक चहाचं छप्पर, बास. चिंचेखाली उभं राहिलं की उजवीकडे साताऱ्याचा रस्ता, डावीकडे पुण्याचा. आईनं दोन बोचकी बांधली होती. एक मोठं, त्यात आमचे कपडे आणि दशम्या. एक लहान, ते ती कडेवर घेतल्यासारखं धरून बसली होती. मी विचारलं नाही. मी ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसलेली होते.

साताऱ्याकडे जाणारी मोटार आधी आली. खचाखच भरलेली, टपावर कोंबड्यांची पाटी. ती पाणी भरायला थांबली तशी आई उठली. पदर सारखा केला. तात्या छपराखाली बाकावर चहा पीत होते, अण्णा शेजारी उभे होते. आई चालत गेली ती थेट तात्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. इतकी समोर, की तात्यांनी बशी खाली ठेवली.

"भावोजी," ती म्हणाली, "मी कोल्हापूरला जाते. गोदूचे डोळे चाललेत. ते गेल्यावर जाऊन मी काय करू?"

शब्द सगळे नीट होते. चौदा वर्षांनी तात्यांनी आपल्या भावजयीचा आवाज समोरून ऐकला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान फिरवून माझ्याकडे पाहिलं, आणि सवयीनं, केवळ सवयीनं, मला विचारलं, "काय म्हणते ती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईसुद्धा.

"आई म्हणते," मी म्हणाले, "ती कोल्हापूरला जाते."

या जन्मात मी पोचवलेला तो सगळ्यात बिनचूक निरोप. आणि त्याची तेव्हा कुणालाही गरज नव्हती.

"अग पण, रजेच्या अर्जात मुंबई लिहिलंय!" अण्णा म्हणाले. देवाशपथ, हेच म्हणाले. आई त्यांच्याकडे वळली. "तुमची रजा आहे ना? तुम्ही जा मुंबईला. मी कुठे दरबाराची चाकरी करते?" मग जरा मऊ आवाजात, "साताऱ्याला गाडी बदलायची, मला ठाऊक आहे. दशम्या मोठ्या बोचक्यात आहेत. बंडूला आगगाडीतलं पाणी देऊ नका." पदराच्या टोकाला भाऊबीजेचे पैसे बांधलेले होते, ते सोडत ती मोटारीकडे गेली. आत बसलेल्या बाजारच्या बायकांपैकी एक सरकली. "बस गं बाई, हितं. येकलीच हाईस? मग काय झालं, आमी हाय की."

मी मागे धावले. खिडकीला हात लावून म्हणाले, "आई, मी येऊ?"

ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. रागानं नाही. मला आजही वाटतं, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"नको," ती म्हणाली. "तुला मुंबई बघायची होती ना? बघ."

मोटार गेली. थोड्या वेळानं आमची आली आणि आम्ही मुंबईला गेलो. मुंबईचं मी काय सांगू? तात्यांचा विद्यार्थी स्टेशनवर आला नाही. घरी गेलो तर "कोण आपण?" म्हणाला, आणि तात्यांनी चार शाळांची नावं सांगितल्यावर दारातच चहा देऊन वाटेला लावला. अण्णांच्या कुणा ओळखीच्याच्या गॅलरीत आम्ही पथारी टाकली. बंडू आगगाडीतलं पाणी प्यायला, व्हायचं ते झालं. ट्राममध्ये बसले, वरच्या मजल्यावर. चांगली होती ट्राम. दशम्या तीन दिवस पुरल्या, आणि प्रत्येक घासाला अण्णा म्हणत, "आता पोचली असेल," "आता जेवत असतील दोघी."

आई आमच्यानंतर आठ दिवसांनी आली, एकटी, उन्हानं रापलेली. दारातच अण्णांनी विचारलं, "दिसलं का तिला?" आई चूळ भरत होती. "दिसलं," म्हणाली. "दुपारी बाराला मला अंगणात बसवायची, उन्हाकडे तोंड करून. हनुवटी धरायची आणि जवळ येऊन बघत राहायची. रोज. जळलं तोंड माझं, पण म्हटलं बघू दे." तेवढंच सांगितलं तिनं. मग पदर खोचून स्वयंपाकघरात गेली, आणि संध्याकाळी तात्या जेवायला बसले तेव्हा स्वतः बाहेर येऊन म्हणाली, "भावोजी, भात वाढू?" तात्यांनी मान हलवली. करतात काय!

त्यानंतर तिनं माझ्याकडे कधी निरोप दिला नाही. कधीच नाही. माझं लग्न होऊन मी त्या घरातून जाईपर्यंत तिला जे बोलायचं ते ती स्वतः बोलली, आणि सगळे म्हणायचे, वहिनी बदलल्या, धीट झाल्या. मी काही म्हणायची नाही. माझी नोकरी का गेली ते मला आणि तिलाच माहीत होतं.

गोदूमावशीचे डोळे खरंच त्या शिमग्याच्या आत गेले. ती पुढे पुष्कळ वर्षं जगली. माझं लग्न झाल्यावर नव्या सुनेला देवीच्या पायावर घालायला सासरची मंडळी कोल्हापूरला घेऊन गेली, तेव्हा मी तिच्याकडे गेले. तिनं मला जवळ बसवलं, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, कपाळ, नाक, गाल, सावकाश. "नाक ताईचं," म्हणाली. "तेव्हा आली असतीस तर बघितलं असतं ग. ताईला विचारलं होतं मी, पोरीला का नाही आणलीस? तर म्हणाली, तिला मुंबई बघायची फार हौस, म्हटलं जाऊ दे." एवढंच सांगितलं होतं आईनं. दुसरं काही नाही. मावशीचा हात अजून माझ्या गालावर होता, आणि चेहरा अगदी हसरा, गोष्ट ऐकायला बसलेल्या मुलासारखा.

"कशी होती ग मुंबई?" तिनं विचारलं.